गणिताच्या बाईंची बहीण

त्रेचाळीस अर्जांनंतर एका शाळेने मला पाठ घेऊन दाखवायला बोलावलं, आणि तिथे पोचल्यावर पाच मिनिटांत माझ्या हातात केकची बशी होती. यात माझी चूक किती आणि इतरांची किती, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. मी आपली झालं ते सांगते.

आधी त्या त्रेचाळीस अर्जांचं. शिक्षिकेचं प्रशिक्षण चांगल्या गुणांनी पूर्ण केलं तेव्हा मला वाटलं होतं की शाळा माझी वाटच बघत असतील. शाळा कुणाची वाट बघत नसतात. प्रत्येक अर्जात 'अध्यापनाचा अनुभव' असा एक रकाना असायचा. तिथे मी सुरुवातीला 'नाही' लिहायचे, मग 'अजून नाही' लिहायला लागले, आणि तिसाव्या अर्जापासून नुसती आडवी रेघ मारायला लागले. उत्तरं दोनच प्रकारची यायची. अनुभव असलेल्या उमेदवाराला घेतलं, हे एक. दुसरं म्हणजे काहीच नाही. चार ठिकाणी मुलाखतीला बोलावलं होतं. तिथे बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांच्या पिशव्या बघूनच कळायचं की या मुरलेल्या आहेत. त्यांच्या पिशव्यांच्या बंदांना खडूचे पांढरे डाग असायचे. माझी पिशवी कोरी करकरीत.

राहायला शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वर खोली होती. एक खिडकी, एक खाट, एक शेगडी आणि दारामागे सात खुंट्या. पाठाचा सराव करायचा तर समोर कुणीतरी लागतं, म्हणून मी त्या सात खुंट्यांना शिकवायचे. डावीकडून तिसरी, जिच्यावर माझा कोट असायचा, ती वर्गातली सगळ्यात मठ्ठ. तिला एकच गोष्ट मी तीनतीनदा समजावायचे. पाचवीवरची छत्री शिकवताना मध्येच खाली पडायची, म्हणून ती खोडकर. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. दिवसभरात माझं ज्यांच्याशी बोलणं व्हायचं ते एवढेच सातजण, आणि सातही जण गप्प.

आईवडील नव्हते. भाऊ होता, दूर, आपल्या संसारात. त्याला काही कळवलं की तो फोनवर अंगठा पाठवायचा. नोकरी मिळाली नाही, अंगठा. ताप आलाय, अंगठा. एकदा चिडून मी लिहिलं, 'छत कोसळलं.' तरी अंगठाच आला. त्या दिवशी मी कानाला खडा लावला, याला पुन्हा काही कळवायचं नाही. मी कळवणं थांबवलंय हे त्याच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

मग ते पत्र आलं. एका शाळेतल्या प्राथमिक विभागाच्या गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या. त्यांच्या जागी सहा महिन्यांसाठी कुणीतरी हवं होतं. पाठाचा विषय, पहिलीच्या वर्गाला दहापर्यंतची बेरीज. वेळ शुक्रवारी दुपारी दीड. सोबत भरून आणायचा एक फॉर्म होता. त्यात नववा रकाना असा होता: 'या संस्थेत आपले कोणी जवळचे नातेवाईक काम करतात का?' मी 'नाही' लिहिलं. अख्ख्या फॉर्ममध्ये न अडखळता लिहिलेलं तेवढंच एक उत्तर. या संस्थेतच काय, कुठल्याच संस्थेत माझं कोणी नव्हतं.

पाठासाठी मी एक कापडी पट्टा शिवला. खालच्या दुकानदाराने दुरुस्त होऊन पडलेल्या एका यंत्रावर मला बसू दिलं. पट्ट्याला दहा खिसे, प्रत्येक खिशावर रंगीत कापडाचा एक आकडा, आणि आत तेवढी बटणं. एकच्या खिशात एक, दोनच्या खिशात दोन, असं करत दहापर्यंत. म्हणजे पंचावन्न बटणं झाली. सारखी पांढरी एवढी मिळेनात, तेव्हा शेवटची काही मी माझ्या स्वतःच्या सदऱ्यांची काढली. पट्टा चुरगळू नये म्हणून त्याची गुंडाळी करून खाकी कागदात बांधली. दोरी सापडेना, म्हणून खोक्यातली एक पिवळी रिबीन बांधली. ती रिबीन नसती तर पुढचं काही घडलंच नसतं.

शुक्रवारी मी चाळीस मिनिटं आधी पोचले. नोकरी नसलेलं माणूस नेहमी वेळेआधी पोचतं. ऑफिसला कुलूप होतं आणि दारावर चिठ्ठी होती, 'सर्वजण स्टाफरूममध्ये आहेत.' मधली सुट्टी चालू होती. लांब व्हरांडा, ओळीने लावलेले पाण्याचे नळ, भिंतीवर मुलांनी काढलेले आठ पायांचे बैल. मी विचारत विचारत स्टाफरूमशी गेले आणि दारात उभी राहिले.

आत दहा-बारा माणसं, चार फुगे आणि एक मोठा केक होता. मधल्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, साधारण पस्तिशीच्या, पोट चांगलंच पुढे आलेलं. समोरच्या टेबलावर भेटींचा ढीग. इथे बेबी शॉवर चाललाय आणि या त्या रजेवर जाणाऱ्या गणिताच्या बाई, एवढं माझ्या लक्षात आलं. मी मागे वळणार, एवढ्यात दाराजवळचे टक्कल पडलेले सर माझ्या हातातल्या पुड्याकडे बघून ओरडले.

"आली, आली. बाई, तुमची बहीण आली बघा."

मी "नाही, मी तर..." म्हणेपर्यंत कुणीतरी माझ्या खांद्याला धरून मला आत ओढलं होतं. दुसऱ्या कुणी पिशवी काढून घेतली. तिसऱ्या बाई म्हणाल्या, "बाराच्या बसने येणार होतीस ना? आम्ही केक कापायचा थांबवलाय तुझ्यासाठी." सगळे बोलत होते आणि सगळे हसत होते. माझं वाक्य घशातच राहिलं.

खुर्चीतल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फळ्यावरचं गणित कुठे चुकलंय ते शोधावं, तसं त्या क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आलीस? किती उशीर केलास."

मला वाटलं, गरोदरपणात बायकांची नजर कमी होते की काय. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि टेबलाखालून माझं मनगट धरलं. हात गार होता, आणि पकड चांगली घट्ट. मी बसले.

भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता, 'कोण काय आणणार'. एकच वस्तू दोघांनी आणू नये म्हणून त्या टक्कलवाल्या सरांनी, ते इंग्रजीचे सर होते, ती यादी केली होती. विज्ञानाच्या बाई थर्मामीटर, चित्रकलेच्या बाई पाळण्यावर टांगायचे कागदी पक्षी, ऑफिसातल्या कारकूनबाई झबली. सगळ्यांनी यादी पाळली होती. पण शिवाय एक छोटंसं काहीतरी असावं, असंही बऱ्याच जणांना वाटलं होतं, आणि ते छोटंसं काहीतरी म्हणून त्या सगळ्यांनी ब्लँकेटच आणलं होतं. टेबलावर सात ब्लँकेटं होती. सगळी पिवळी, कारण मुलगा की मुलगी ते माहीत नव्हतं. सर हताश होऊन त्या ढिगाकडे बघत होते. यादीच्या तळाशी लिहिलं होतं, 'धाकटी बहीण', आणि पुढे जागा मोकळी.

"आता हिचं बघू," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या आणि माझा पुडा त्यांनी गणिताच्या बाईंच्या हातात ठेवला. मला थांबवता आलं नाही. पिवळी रिबीन सुटली, कागद बाजूला झाला, आणि माझा पट्टा टेबलावर उलगडला. एक ते दहा.

"अगं बाई, हाताने केलंय," कुणीतरी म्हणालं.

विज्ञानाच्या बाईंनी एका खिशात बोट घालून बघितलं. "बटणं आहेत. बाळ गिळेल."

"जन्मल्या जन्मल्या गणित नाही करणार ते," इंग्रजीचे सर म्हणाले. "आईवर गेलं तर सांगता येत नाही म्हणा."

सगळे हसले. गणिताच्या बाई मात्र पट्ट्यावरून हात फिरवत होत्या, शिवण तपासत, खिशांची खोली बघत. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "मागच्या बाकावरून दिसतील एवढे मोठे आकडे आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांना माहीत होतं. आज दीड वाजता आपल्या जागेवर उमेदवार येणार आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? नजरबिजर काही कमी झालेली नव्हती. त्यांनी मला पूर्ण ओळखून 'आलीस?' म्हटलं होतं.

"पहिलीच्या वर्गासाठी आहेत," मी पुटपुटले.

"हो," त्या म्हणाल्या. "केक घे."

आता कुणी म्हणेल, मग तेव्हाच उठून खरं का नाही सांगितलं? सांगता आलं असतं. मला सांगायचं नव्हतं. कारकूनबाईंनी माझ्या बशीत न विचारता दुसरा तुकडा वाढला आणि म्हणाल्या, "प्रवासात काही खाल्लं नसशील." कुणीतरी माझी खुर्ची पंख्याखाली सरकवली. आठ महिन्यांत मला कुणी 'जेवलीस का' असं विचारलं नव्हतं, आणि इथे दहा माणसं माझी विचारपूस करत होती. ती माझी नव्हती, हे मला कळत होतं. पण थंडीत दुसऱ्याची शाल खांद्यावर कुणी टाकली, तर ती ताबडतोब काढून फेकायला माणूस फार ताठ लागतं. मी तेवढी ताठ नाही.

त्या बहिणीबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं. दर शनिवारी तिचा फोन यायचा. ती नाचायची छान. लहानपणी तिने आपल्या वेण्या स्वतःच कापल्या होत्या.

"आणि ती हजेरीची गोष्ट खरी का गं?" चित्रकलेच्या बाईंनी विचारलं. "बाई तापाने आजारी होत्या, तर तू त्यांच्या वर्गात जाऊन बसलीस आणि त्यांचं नाव आल्यावर 'हजर' म्हणालीस?"

मी गणिताच्या बाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे की काय असं वाटलं, पण त्या हसत होत्या.

"खरी," मी म्हणाले.

"आणि मास्तरांना कळलं नाही?"

"कळलं. पण त्यांनी हजेरी लावली."

कुठून सुचलं कोण जाणे. सगळे खूश झाले. गणिताच्या बाईंनी माझं मनगट सोडलं आणि हातावर हात ठेवला. मला वाटलं, दीड वाजूच नये.

दीड वाजायला पाच मिनिटं असताना मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. सकाळपासून त्या बाहेर कुठल्याशा मीटिंगला होत्या आणि आल्या त्या तशाच, चष्मा डोक्यावर, हातात फाइल.

"चालू द्या, चालू द्या. माझी दीडची उमेदवार कुणी पाहिली का? ऑफिसबाहेर कुणी नाही."

कुणी पाहिली नव्हती. मोठ्या बाईंनी फाइल उघडली. अर्जाला फोटो लावलेला असतो, हे मी विसरूनच गेले होते. त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला, फोटो बघितला, मग खोलीभर नजर फिरवली, आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"अहो, तुम्ही इथे आहात होय."

"ही?" इंग्रजीचे सर कौतुकाने म्हणाले. "ही तर बाईंची बहीण."

खोलीत कुणाला काही खटकायच्या आतच मोठ्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. चाळीस वर्षं वर्गासमोर उभं राहिलेल्या माणसाला कुणाला बाजूला घेऊन बोलायची सवय नसते. त्या तिथेच बोलल्या.

"बहीण? सख्खी? मग तुम्हाला घेता येणार नाही. जवळचे नातेवाईक घ्यायचे नाहीत असा संस्थेचा नियम आहे. आणि नियम राहू दे बाजूला, तुम्ही इथे नवव्या रकान्यात 'नाही' लिहिलंय. सही करून." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. "शिक्षिका व्हायला निघालात आणि पहिल्याच कागदावर खोटं?"

फुगे, केक, सात ब्लँकेटं, सगळं जागच्या जागी होतं, फक्त माणसांचे चेहरे माझ्याकडे वळले होते. एक वाक्य पुरलं असतं. मी यांची कुणी नाही. खरं होतं, सोपं होतं, आणि ते म्हटलं असतं तर नोकरीचं दार उघडं राहिलं असतं.

मी गणिताच्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी पट्टा मांडीवर घेतला होता आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी ते वाक्य म्हटलं, की या दहा माणसांपुढे त्यांचा शनिवारचा फोन खोटा, नाच खोटा, वेण्या खोट्या.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

हा काही मोठा त्याग वगैरे नव्हता, तसा कुणी समज करून घेऊ नये. मला वाटलं, चव्वेचाळिसावा अर्ज करू. मला त्या खोलीतून कुणीही नसलेली म्हणून बाहेर पडायचं नव्हतं. बहीण म्हणून बाहेर पडायचं होतं. एवढंच.

मोठ्या बाईंनी पेन काढून माझ्या अर्जावर तिरकी रेघ मारली. मी पिशवी शोधायला लागले. ती कपाटावर कुणीतरी जपून ठेवली होती आणि माझा हात पोचेना. कुणीही उठून काढून दिली नाही.

"ती माझी कुणी नाही," मागून गणिताच्या बाई म्हणाल्या.

त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, एक हात टेबलावर टेकवून.

"मी हिला आज पहिल्यांदा बघतेय. हिचं नावसुद्धा मला माहीत नाही. ही माझ्या जागेवर मुलाखतीला आली आणि तुम्ही सगळ्यांनी हिला आत ओढलंत. मी गप्प बसले. गप्प नाही, मीच तिला 'आलीस' म्हटलं."

"अहो, पण बहीण..." इंग्रजीचे सर म्हणाले.

"आहे. पण मी लग्न केलं तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. घरचं कुणीच बोलत नाही. पाच वर्षं झाली. शनिवारी तिचा फोन येत नाही. मी व्हरांड्यात जाऊन नुसताच फोन कानाला लावते." त्या थांबल्या. श्वास लागला होता. "तिला मी तीन पत्रं पाठवली. बाळ होणार म्हटल्यावर येईल असं मला खरंच वाटलं होतं. आज सकाळपर्यंत वाटत होतं. साडेबारा वाजल्यावर मला कळलं की ती येणार नाही, आणि तुम्ही सगळे केक कापायचे थांबला होतात. मग ही दारात दिसली, रिबीन बांधलेला पुडा घेऊन."

विज्ञानाच्या बाई खाली बघून बशीतले कण बोटाने गोळा करायला लागल्या. माणसांना दुःख कळलं की ती अशी काहीतरी कामाला लागतात. तेव्हा मला गणिताच्या बाईंची फार लाज वाटली आणि फार प्रेमही वाटलं, दोन्ही एकदम.

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. अर्जावरच्या तिरक्या रेघेकडे पाहिलं, आणि तिच्याशेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहून खाली सही केली.

"दहापर्यंतची बेरीज ना? पहिलीची मुलं बसलीत. चला."

गणिताच्या बाईंनी पट्ट्याची गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. "घे. आणि काम झालं की परत कर. मला मिळालेली भेट आहे ती."

वर्गात सव्वीस मुलं होती. खुंट्या आणि मुलं यांतला मुख्य फरक असा, की मुलं बोलतात. पहिल्या पाच मिनिटांत मला तीन पडलेले दात दाखवण्यात आले आणि एका मांजरीची पूर्ण हकिगत सांगण्यात आली. मी खुंट्यांसाठी तयार केलेला पाठ मनातल्या मनात फेकून दिला. पट्टा फळ्यावर टांगला आणि सहाच्या खिशातली बटणं मोजायला एका मुलीला पुढे बोलावलं. तिने मोजली. मग परत मोजली.

"पाचच आहेत," ती म्हणाली, आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

एक बटण स्टाफरूममध्ये कुठेतरी पडलं असणार. मागच्या बाकावर मोठ्या बाई बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी गणिताच्या बाई. मग मी माझ्या सदऱ्याच्या बाहीचं बटण तोडलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"आता?"

"सहा," ती म्हणाली. "पाच आणि एक सहा."

"बाई, मी पण बटण तोडू?" मागून कुणीतरी विचारलं.

सव्वीस मुलांची बटणं वाचवण्यात पुढचा वेळ गेला. मंगळवारी ऑफिसमधून नेमणुकीचं पत्र आलं.

इथे गोष्ट गोड झाली असती तर मलाही आवडलं असतं. रजा सुरू होण्याआधी गणिताच्या बाई तीन आठवडे मला काम समजावून देत होत्या, आणि ते तीन आठवडे फार एकटे गेले. त्या शुक्रवारचा विषय कुणी काढत नव्हतं. स्टाफरूममध्ये सगळे आमच्याशी चांगले वागायचे, फार जपून. आम्ही दोघी आत आलो की बोलणं थांबायचं आणि थोड्या वेळाने हवापाण्यावरून सुरू व्हायचं. कुणी बशीत न विचारता काही वाढलं नाही. इंग्रजीच्या सरांनी यादी भिंतीवरून काढली होती, पण चिकटपट्टीचे चार तुकडे तिथेच होते.

आणि गणिताच्या बाई मला 'तुम्ही' म्हणायला लागल्या होत्या. 'तुम्ही दुसरीच्या वह्या सोमवारी तपासा.' 'तुम्हाला कपाटाची किल्ली देते.' मीही 'हो बाई' म्हणायचे. त्यात वावगं काही नव्हतं, एका शाळेतल्या दोन शिक्षिका आणखी कशा बोलणार? तरी प्रत्येक 'तुम्ही' मला टोचायचा. पट्टा मी त्याच दिवशी परत केला होता. सहाव्या खिशात माझ्या बाहीचं बटण तसंच ठेवून.

त्यांचा नवरा मालवाहू बोटीवर कामाला होता. वर्षातले सात-आठ महिने तो पाण्यावर. बाळ यायच्या सुमारास पोचेन म्हणाला होता. हे मला त्यांनी नाही, कारकूनबाईंनी सांगितलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी खण रिकामा केला, किल्ल्या दिल्या, मग दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"तुमचा फोन नंबर द्या. काही अडलं तर."

"अडलं तर मीच तुम्हाला करेन ना, बाई."

"हो. तरी द्या."

मी कागदावर लिहून दिला, खाली पूर्ण नावही लिहिलं. त्यांनी तो कागद घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. मला त्या रात्री आणि पुढे बऱ्याच दिवशी वाटत राहिलं की त्यांचा फोन येईल. आला नाही. मीही केला नाही. काय म्हणून करायचा, हे मला ठरवता येईना. खोलीवर गेले की दारामागच्या खुंट्या होत्या, पण आता त्यांना शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यामुळे खोलीत पूर्वीपेक्षाही जास्त शांतता असायची.

त्यांच्या रजेच्या पाचव्या आठवड्यात, एका बुधवारी, पहिलीच्या वर्गात वजाबाकी चालू असताना माझा फोन वाजला. वर्गात फोन बंद ठेवायचा असा नियम आहे आणि मी तो ठेवायचे, पण त्या दिवशी विसरले होते. सव्वीस मुलांनी माझ्याकडे पाहिलं. नंबर अनोळखी होता. मी का उचलला ते सांगता येणार नाही.

"हॉस्पिटलमधून बोलतेय," एक घाईतला आवाज म्हणाला. त्याने गणिताच्या बाईंचं नाव घेतलं. "यांना सकाळी आणलंय. एकट्याच आल्यात. तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्यात, कदाचित ऑपरेशन करावं लागेल. घाबरण्यासारखं नाही, पण घरचं कुणीतरी इथे हवं. यांचे मिस्टर बोटीवर आहेत म्हणे. फॉर्मवर तुमचा नंबर दिलाय."

"माझा?"

"हो, तुमचाच. नाव जुळतंय. नातं म्हणून इथे 'बहीण' लिहिलंय." कागद उलटल्याचा आवाज आला. "तुम्ही त्यांच्या बहीण ना?"

पहिल्या बाकावरच्या मुलीने बोटावर बोट ठेवलं होतं, उणे करायचं अर्धवट सोडून. माझा हात नकळत बाहीकडे गेला. तिथे मी नवं बटण लावलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "धाकटी. तिला सांगा, निघालेच."